तुझ्या शोकसभेला कोरम पूर्ण होता

वसंता, तुझ्या शोकसभेला कोरम पूर्ण होता. पूर्ण काय, उतू जात होता. ग्रामपंचायतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या कमी पडल्या म्हणून शाळेतून मागवल्या, आणि उशिरा आलेली मंडळी समोर माझ्या कापडाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसली. ज्या गर्दीची वाट पाहत तू इतकी वर्षं त्याच अंगणात बसलास, ती गर्दी तुझ्या फोटोला फुलं वाहायला अगदी वेळेवर आली. तू असतास तर दारात उभा राहून, कंडक्टर असताना एसटीत बोट फिरवायचास तसं बोट फिरवत माणसं मोजली असतीस. तू नव्हतास म्हणून मी मोजली. शंभर झाल्यावर थांबलो, कारण शंभराच्या पुढं आपल्याला कधी काही हवंच नव्हतं.

पहिलं भाषण दिगांबरनं केलं. आपली सरपंचाची जागा बाईसाठी राखीव झाल्यापासून बायको सरपंच आणि कारभार दिगांबरकडे, हे तुला सांगायला नको. ती डोक्यावर पदर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकलेली, आणि हा माइक धरून उभा. “वसंतराव म्हंजे आपल्या गावच्या लोकशाहीचे जागते पहारेकरी होते जी,” असं तो म्हणाला. हाच दिगांबर तू सभेत बोलायला उठलास की “कंडक्टर, बेल मार आन उतर” म्हणून हसायचा. ग्रामसेवकानं रुमाल काढून डोळे टिपले. माझ्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता म्हणून बरं. नाहीतर तुझ्या फोटोसमोर माझ्या तोंडून काहीतरी भलतंच गेलं असतं.

मला माणसांचा तिटकारा आहे हे तुला ठाऊकच आहे. तू म्हणायचास, “शेठ, तुले लोकायले कापड इकून इकून त्यायचा राग येऊन राह्यला.” असेल तसंही. या गावातल्या प्रत्येकाला मी आरशासमोर उभं राहून खांद्यावर कापड टाकताना पाहिलं आहे. स्वतःविषयी माणसाचं मत किती उंच असतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार? पण तुझ्या शोकसभेत जो तिटकारा आला तो नेहमीचा नव्हता. लोक खरंच हळहळत होते. खोटं रडले असते तर मी समजून घेतलं असतं. जिवंतपणी ज्याच्या शेजारी येऊन बसले नाहीत त्याच्यासाठी खरं रडायला यांना जमतं तरी कसं, हे मला कळत नाही.

तू लाल गाडीवरून रिटायर होऊन गावात परतलास तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मुलगा पिपरी मेघेला घर बांधून बसला होता आणि तुला तिकडे बोलावत होता. तू गेला नाहीस. कारण काय, तर रेडिओवर सांगितलं होतं की आता पंचायतीला अधिकार मिळाले, ग्रामसभा सर्वोच्च झाली, गावाचा निर्णय गाव घेणार. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिलेला माणूस तू. सरकारनं आपल्याला तिकीट दिलं असं तुला वाटलं आणि तू ते जपून ठेवलंस. मी तेव्हाच हसलो होतो.

पहिल्या ग्रामसभेला तू धुतलेला सदरा घालून गेलास. मीही आलो, तुझी फजिती बघायला. अंगणात आपण दोघं, ग्रामसेवक, दिगांबर, त्याचे तीन-चार लोक आणि सावलीला आलेलं एक कुत्रं. अर्धा तास थांबून ग्रामसेवक म्हणाला, कोरम नाही, सभा तहकूब. तू विचारलंस, मग पुढं काय? तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात तहकूब सभा. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही.

तुझा चेहरा मला अजून आठवतो. ज्या सभेला शंभर माणसं लागतात ती शंभर नाहीत म्हणून रद्द होते, आणि मग आठवड्यानं तीच सभा पाच माणसांत कायदेशीर होते. नियम तसाच आहे. ज्यानं केला त्यानं चांगल्या हेतूनं केला असेल, कामं अडू नयेत म्हणून. पण दिगांबरसारख्यांनी त्यातलं वर्म एका वर्षात ओळखलं. पहिली सभा पडू द्यायची. दुसरीत चहा पीत सगळे विषय मंजूर करायचे. आणि पहिली नक्की पडावी म्हणून कोतवालानं दवंडी द्यायची ती भर दुपारी, गाव वावरात असताना. ऐकायला उरायची ती म्हातारी माणसं, तीही अर्धी बहिरी.

संध्याकाळी दुकानात बातम्या ऐकताना तू जगाला याच मापानं मोजायचास. कुठं लष्करानं खुर्ची घेतली, कुठं निवडून आलेल्यानंच पुढच्या निवडणुका गुंडाळल्या, कुठं मोठ्या श्रीमंत देशात मतं मोजता मोजता लोकांच्या नाकी नऊ आले. मी म्हणायचो, बघ, सगळीकडे हेच. तू रेडिओचा कान पिरगाळून बंद करायचास आणि म्हणायचास, “त्यायले रणगाडे लागतात शेठ. आपल्या इथं दवंडी बारा वाजता देल्ली का झालं.”

हे तुझं वाक्य मी कितीतरी जणांना माझं म्हणून सांगितलं आहे. तू ऐकलंस तरी कधी बोलला नाहीस.

आपलं भांडण मात्र त्या पहिल्या तहकूब सभेपासूनच लागलं. मी तुला म्हटलं, शंभर माणसं कशाला गोळा करतोस? त्यांची पाच येतात ना, आपण सहा नेऊ. त्यांचंच भोक, त्यातून आपणच आत जाऊ. यावर तू जो भडकलास तो भडकलासच. “आमची गाडी एका पॅसेंजरवरही सुटते,” तू म्हणालास. “कारंज्याहून रिकामी गाडी घेऊन गेलतो मी किती डाव. एक म्हातारी मागच्या सीटवर, बाकी सारी खाली. पन टाइम बोर्डावर लिव्हला राह्यते. ज्याले यायचं तो येते. न सांगता सोडली त ते गाडी नाई शेठ, ते चोरी आहे.” मी म्हटलं, चोराच्या घरी चोरी केली तर काय बिघडतं. तू म्हणालास, चोर वाढतात, दुसरं काय. त्यानंतर तू दोन दिवस दुकानात आला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा तोऱ्यात खर्रा मागितलास.

तू मुळात हट्टी. स्वतःच्या बायकोला तिकीट फाडणारा कंडक्टर तू. नलिनीवहिनी माहेरी जाताना तुझ्याच गाडीत बसल्या आणि तू त्यांच्यासमोर उभा राहून हात पुढं केलास, ही गोष्ट तालुक्यात अजून सांगतात. तुझ्या हट्टाचं लोकांनी कौतुक केलं, पण त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. मलाही नव्हता. तरी दर ग्रामसभेला तू घरून लोखंडी खुर्ची आणून अंगणात मांडलीस आणि मी तुझ्या शेजारी बाकावर बसलो. त्या सगळ्या पडलेल्या सभा मी तुझ्याबरोबर पाहिल्या. पाऊणशे कधी झाले नाहीत.

मग आली ती जमीन. नाल्याकाठची चराई, गोंडी टोलीला लागून. टोलीतली घरं पंधरा-वीस, पण बकऱ्या चिक्कार, आणि त्या बकऱ्यांच्या मागे सुकमाबाई. सकाळी त्या बकऱ्यांशी गोंडीत बोलत जायच्या आणि संध्याकाळी आपल्याशी मराठीत भांडत यायच्या. ही जमीन कुठल्याशा शिक्षण संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना डीएडच्या कॉलेजासाठी हवी होती. त्या काळात ज्याला उठून बसता येत होतं तो डीएडचं कॉलेज काढत होता. अध्यक्षसाहेब पांढऱ्या गाडीतून आले, दिगांबरच्या ओट्यावर चहा प्याले आणि म्हणाले की गावातली पोरं गावातच मास्तर होतील. पुढची ग्रामसभा पडणार आणि तहकूब सभेत पाच जण जमीन देऊन टाकणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मी पुन्हा म्हटलं, टोलीतली दहा माणसं ने तहकूब सभेला. तू पुन्हा नाही म्हणालास. या वेळी तुझ्याकडे तुझी योजना होती. गाव सभेला येत नाही पण गावपंगतीला येतं. मग सभेलाच गावपंगत लावायची. मारुतीच्या देवळातले स्वैपाकाचे मोठे गंज मागायचे, वांगे-आलूची भाजी, पोळ्या, वरण-भात. आधी सभा, मग जेवण. तू इतका खूश होतास की मला विरोध करवला नाही. हे चुकतं आहे असं मला वाटत होतं का? वाटत होतं. मी तुला सांगितलंही. म्हटलं, वसंता, या लोकांना जेवायला बोलाव, नाहीतर विचार करायला बोलाव. दोन्ही एका दिवशी जमायचं नाही यांना. तू म्हणालास, “तुले मानसाची इज्जतच नाई.”

गावपंगतीला आपल्याकडे ज्यानं त्यानं आपलं ताट घरून आणायचं, तसं लोकांनी आणलं. अंगण भरलं. शंभराच्या वर माणूस, प्रत्येकाच्या मांडीवर ताट. तू दारात उभा राहून मोजलंस आणि ग्रामसेवकाकडे असं पाहिलंस की जणू तुझ्या पोरीचं लग्न लागतंय. गावात पहिल्यांदाच पहिल्या फटक्यात ग्रामसभेचा कोरम पूर्ण झाला होता. कंडक्टरनं गाडी भरून दाखवली होती.

आणि मग ती गाडी तुझ्याच अंगावरून गेली. अध्यक्षसाहेबांना कुठून तरी बातमी लागली होती. त्यांनी बुंदीचे दोन डबे पाठवले. ते डबे भाजीच्या गंजाशेजारी उघडे ठेवले होते. तू बोललास, चांगलं बोललास, पण लांब बोललास. मग सुकमाबाई उठल्या. त्या म्हणाल्या, “आमच्या बकऱ्या कुठं जातीन? आमची मानसं त्या नाल्याकाठी पुरली आहेत जी, त्यायले कुठं नेऊ?” मागून कोणीतरी ओरडलं, “बस ना बाई, पोटात कावळे ओरडून राह्यले.” लोक हसले. टोलीबाहेरचं सगळं गाव हसलं. दिगांबरनं संधी साधली आणि म्हणाला, ज्यांना कॉलेज पाह्यजे त्यायनं हात वर करा. हात वर गेले. काहींनी तर ताटासकट हात वर केला. ज्या जेवणासाठी तू घरोघर हिंडलास त्या जेवणाची घाई झाली म्हणून गावानं चराई देऊन टाकली, आणि तीही पूर्ण कोरमनं, नियमाप्रमाणे, कुठंही बोट ठेवायला जागा न ठेवता. पाच माणसांनी चोरून दिली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती.

त्यानंतर तू वाढायला उभा राहिलास. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. हातात पोळ्यांची टोपली घेऊन तू पंगतीतून फिरत होतास आणि ज्यांनी तुला बुडवलं त्यांना आग्रह करत होतास. मी तुझ्या हातातली टोपली ओढली तर तू म्हणालास, “बोलावलं मीच आहे ना.” सुकमाबाई जेवल्या नाहीत. त्या ताट पालथं घालून बसल्या होत्या, मग उठून गेल्या.

कॉलेज आलं नाही हे सांगायची गरज आहे का? एक कमान आली, कमानीवर बोर्ड आला, चार खांब आले आणि तारेचं कुंपण आलं. मग डीएडची लाट ओसरली, मास्तर व्हायला निघालेली पोरं हायवेवरच्या धाब्यांवर गिऱ्हाईकांना पाणी द्यायला लागली, आणि अध्यक्षसाहेब दुसऱ्या तालुक्यात दुसरं काहीतरी काढायला गेले. कुंपण राहिलं. बकऱ्या आत गेल्या की दिगांबरचा माणूस त्या कोंडवाड्यात नेऊन घालायचा. गावातल्या एकाही ताटवाल्यानं त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. त्यांना विचारलं तर ते म्हणत, पंचायतीनं दिली ना जी जमीन. जणू पंचायत म्हणजे दुसऱ्याच कोण्या गावाहून आलेलं जनावर आहे.

तू मात्र तरीही खुर्ची घेऊन जात राहिलास. हे मला कधीच समजलं नाही. लोकांनी तुला तोंडावर आपटलं आणि तू त्यांच्याच वतीनं दारात उभा राहून मोजत बसलास. मी तुला येडा म्हणायचो. तू एकदा म्हणालास, “एक डाव पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसले म्हून का मी पुढची गाडी सोडू नाई?” मी विषय बदलला.

सावंगीला दवाखान्यात मी आलो तेव्हा तू वाळून गेला होतास, पण भांडायला ताकद होती. मी बातमी घेऊन आलो होतो. अध्यक्षसाहेब परत आले होते, आता नाल्याकाठचा उरलेला तुकडाही हवा होता, इंजिनिअरिंग म्हणे. पहिल्या वेळी सुटलेली टोलीची मसनवट त्यातच होती. म्हणजे आता बकऱ्यांसाठी सावलीही राहणार नव्हती आणि मेलेल्या माणसांसाठी मातीही. मी म्हटलं, वसंता, आता तरी माझं ऐक, सभा पडू दे, तहकूब सभेला मी टोलीची माणसं नेतो. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. मग म्हणालास, “आधी दवंडी बराबर देजो. सकाळी देजो, गाव घरी असते तवा. मग बोलू आपन.” तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. मग आपण बोललो नाही.

तर तुझी शोकसभा. तेरवीच्याच दिवशी सकाळी ठेवली होती, लोक जेवायला तसेही येणार होते म्हणून. दोन मिनिटं शांतता म्हणून जी पाळली ती अर्ध्या मिनिटात आटोपली. आणि मग दिगांबरनं माइक पुन्हा हातात घेतला. म्हणाला, आज योगायोगानं ग्रामसभेचीही तारीख आहे, नोटीस रीतसर लावलेली आहे. लावली होती, पंचायतीच्या कुलूपबंद खोलीत, आतल्या भिंतीवर. म्हणाला, कोरम पूर्णच आहे तर एक छोटा विषय घेऊन टाकू. आणि विषय काय, तर नाल्याकाठचा उरलेला तुकडा संस्थेला देणे, आणि तिथं होणाऱ्या क्रीडांगणाला ‘स्वर्गीय वसंतराव’ असं तुझं नाव देणे.

वसंता, मी आयुष्यात बरीच नालायकी पाहिली आहे. पण तुझ्या मरणानं जमवलेल्या गर्दीवर तुझंच नाव लावून तीच जमीन उचलायची, याला मी काय म्हणू? लोक माना डोलवत होते. तुझं नाव लागणार म्हणून काहींना गहिवर आला होता. हात वर जायला एका वाक्याची देर होती. मी उठलो, तोंडातला खर्रा थुंकायला आधी बाहेर धावलो, आणि तेवढ्यात सगळं होऊन जाणार असं मला वाटलं.

पण वहिनी उठल्या. पुढच्याच रांगेत बायकांत बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले, मागे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “सैपाक झाला जी. पोळ्या थंड होऊन राह्यल्या. चला साऱ्यायनं, घरी चला.” दिगांबर म्हणाला, पाच मिनिटं थांबा, नुसता हात वर करा. पण लोक उठले होते. पायांत चपला अडकवत ते म्हणत होते, “जेवून येतो ना जी.” बघता बघता अंगण रिकामं झालं. सतरंजीवर ग्रामसेवक, दिगांबर, त्याची माणसं आणि तुझा फोटो. मी मुद्दाम आत जाऊन ग्रामसेवकाला विचारलं, किती झाले? तो कसनुसा हसला आणि म्हणाला, “कोरम नाई. सभा तहकूब.” जेवून कोणीही परत आलं नाही, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, मुद्दाम उठलात ना? त्या भांडी उपडी घालत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, पोळ्या खरंच थंड होऊन राह्यल्या होत्या.” मग शेवटचं पातेलं उपडं घालून म्हणाल्या, “त्या पंगतीच्या दिवशी यायनं पोळ्या आधी वाढाले पाह्यजे होत्या. मी तवाच सांगतलं होतं.” मला ही गोष्ट माहीत नव्हती. तू दोघांचंही ऐकलं नव्हतंस, एवढं मला समाधान.

तहकूब सभा पुढच्या आठवड्यात होती. नियम तोच, कोरम लागत नाही. माझ्या मनासारखं सगळं जुळून आलं होतं. गुपचूप टोलीत जायचं, दहा माणसं उचलायची, हात वर, काम खतम. आणि तेव्हा तू आडवा आलास. दवंडी बराबर देजो. मेल्यावरही माणसानं इतका त्रास देऊ नये. मी दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी कोतवालाला घरून उठवलं आणि त्याच्याबरोबर गल्लीगल्लीतून हिंडलो. गाव चहा पीत ओट्यावर बसलेलं असताना. त्यानं डफडं वाजवलं आणि मी ओरडलो, कारण त्याला विषय नीट सांगता येईना. नाल्याकाठची जमीन, टोलीची मसनवट, अमुक दिवशी, अमुक वाजता, ज्याला यायचं त्यानं या. माझा आवाज बसला. लोकांनी मान हलवली. दिगांबरच्या दारातही उभा राहून ओरडलो. तो बाहेर आला आणि म्हणाला, “काऊन जी शेठ, तुमाले हे काय सुचलं?” मी म्हटलं, गाडीचा टाइम सांगून राह्यलो.

सभेला तुझी लोखंडी खुर्ची मी नेली. रिकामी ठेवली नाही, तुला ती नाटकं आवडली नसती. वहिनी तिच्यावर बसल्या. सुकमाबाई आल्या, टोलीतले सहा जण आले, मी होतो. आमची नऊ माणसं झाली. त्यांची पाच. गावातून दुसरं कोणीही आलं नाही. ज्यांच्या ओट्यासमोर मी घसा फोडला त्यांच्यापैकी एकही नाही. मी दारात उभा राहून वाट पाहिली. सांगितलेल्या मिनिटापर्यंत पाहिली. तू पाहिली असतीस म्हणून. मग ग्रामसेवक म्हणाला, घेऊ या का?

जमीन द्यायची नाही म्हणणारे नऊ हात वर झाले. दिगांबर म्हणायला लागला की टोलीतल्यांची नावं यादीत तपासावी लागतील, सभा पुन्हा घ्यावी लागेल, असं आणि तसं. त्याची बायको तिथंच होती, नेहमीसारखी, खुर्चीच्या कडेला. तिनं बोटांवर हात मोजले. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “ठराव नामंजूर. लिहा जी.” इतक्या वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ग्रामसेवकानं लिहिलं. सुकमाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं?” मी म्हटलं, झालं. त्या म्हणाल्या, “मंग मी जातो. बकऱ्या सोडाच्या आहेत.”

आता तू म्हणशील, नऊ माणसांनी गावाचा निर्णय केला, ही कसली लोकशाही. म्हण. मला याचा अभिमान नाही. नऊच्या जागी दिगांबरनं उद्या दहा आणले की हाच ठराव उलटा होईल, हेही मला कळतं. पण वसंता, दवंडी दिली होती. सकाळी दिली होती. ओरडून दिली होती. तुझ्या अटीवर झालं आणि माझ्या पद्धतीनं झालं, आणि भांडणात कोण जिंकलं ते ठरवायला तू नाहीस. याचाच मला राग आहे. मला तुझी फार आठवण येते. संध्याकाळी बातम्या लागल्या की मी रेडिओ तसाच चालू ठेवतो, कान पिरगाळायला कोणी नसतं.

कालपासून दुकानात गर्दी आहे. सण नाही, लगीनसराई नाही, तरी गर्दी. पायजम्याचं कापड बघायच्या निमित्तानं येतात, थान उलगडायला लावतात आणि हळूच विचारतात, “काय झालं जी सभेत?” हेच ते, पंगतीत ताटासकट हात वर करणारे, शोकसभेत डोळे पुसणारे. मी कापड परत गुंडाळतो आणि सांगतो, गाडी गेली.

“कोनती गाडी?” ते विचारतात.

टाइमावर गेली, वसंता. नऊ पॅसेंजर होते.